बदलाची जोखीम कुणाची? : कोरडवाहू शेतकऱ्यांना अनावृत पत्र

मराठवाडा आणि विदर्भातल्या कोरडवाहू शेतकरी बंधू-भगिनींनो,



"शेतकरी बदलायला तयार नाही" हे वाक्य तुमच्याबद्दल किती ठिकाणी बोललं जातं, याची तुम्हाला कल्पना असेलच. कृषी मेळाव्यात ते व्यासपीठावरून येतं, बँकेत कर्जाच्या फायलीआडून येतं, शहरात वर्तमानपत्राची घडी घालता घालता येतं. २०२५च्या सप्टेंबरात सीना, मांजरा, तेरणा, गोदावरी पात्र सोडून शिवारात शिरल्या, उभं सोयाबीन पाण्याखाली सडलं, कित्येकांची माती खरवडून खालचा मुरूम उघडा पडला. तेव्हाही पाणी ओसरायच्या आत सल्ला हजर होता : हवामान बदललंय, आता तुम्हीही बदला.

त्या वाक्याला उत्तर म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि लिहिते आहे ते तुम्हालाच. कारण ऐकून ऐकून तुमच्यातल्या काहींनाही ते खरं वाटायला लागलंय. ते खरं नाही. का नाही, ते आधी मांडते. त्यानंतर पाण्याच्या आणि मातीच्या बाबतीत तुमच्याशी वादही घालायचा आहे. तो टाळून नुसतं तुमचं कौतुक केलं, तर पत्र गोड होईल, पण कामाचं होणार नाही.

गेल्या साठ वर्षांत तुम्ही काय काय बदललंत, ते ओळीनं आठवून बघा. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचं वाण आलं. हायब्रीडच्या भाकरीला गावरान ज्वारीची चव नव्हती, तरी १९७२च्या दुष्काळानं होरपळलेल्या घरांना पोटभर धान्य हवं होतं, म्हणून ती तुम्ही खरिपात घेतलीत. पुढे कणसं भरताना पाऊस लागायचा, दाणा काळा पडायचा, काळ्या ज्वारीला भाव नसायचा, काढायला मजूर मिळायचा नाही. तेव्हा तिला रजा दिलीत आणि सोयाबीन आणलंत. मध्य प्रदेशातून आलेलं, आजोबांनी नावही न ऐकलेलं, घरच्या आमटीला न चालणारं हे पीक. शंभर दिवसांत हाती येतं, मळणी यंत्रातून निघतं, दसरा-दिवाळीला पैसा देतं आणि हरभऱ्याला रान मोकळं करतं, एवढा हिशेब तुम्हाला पुरला. डाळींसाठी ओळखला जाणारा लातूरचा बाजार एका पिढीत सोयाबीनचाही मोठा बाजार झाला. कापसाचंही तेच. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि दहा-बारा वर्षांत देशातलं नव्वद टक्क्यांहून जास्त कापूसक्षेत्र बीटीखाली गेलं.

दुसऱ्यांनी आणलेलं स्वीकारण्यापुरतं हे थांबत नाही. तासगाव तालुक्यातल्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी 'तास-ए-गणेश' आणि सोलापूरजवळच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' ही द्राक्षाची वाणं स्वतःच्या बागेत निवडून काढली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड हे छोटं गाव. तिथल्या दादाजी खोब्रागडे यांच्याकडे जमीन जेमतेम आणि शाळा तिसरीपर्यंतची. १९८०च्या दशकात त्यांनी आपल्या धानातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या बाजूला काढल्या, दरवर्षी पेरून पारखल्या आणि 'एचएमटी' भात घडवला. तो पुढे राज्याबाहेरही पोहोचला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली. ज्या समाजातून अशी माणसं निघतात, त्याला 'बदलत नाही' म्हणणारे त्याच्या बांधावर कधी उभेच राहिलेले नसतात.

हवामान बदललंय हेही तुम्हाला कुणी सांगायची गरज नाही. २०१२ पासूनची वर्षं तुमच्या अंगावर लिहिलेली आहेत. २०१२चा दुष्काळ, २०१४च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट, लागोपाठ २०१४ आणि २०१५ची कोरडी सालं, २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला आणावं लागलेलं पाणी, २०१८चा दुष्काळ. २०२३चा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. २०२५ साली तर पाऊस मे महिन्यातच आला, पेरणीपूर्व मशागतीलाही वेळ मिळाला नाही, आणि सप्टेंबरात त्यानं होतं नव्हतं ते नेलं. वायव्य भारतातून मोसमी पाऊस परतायला लागण्याची सरासरी तारीख हवामान खात्यानं २०२० साली १ सप्टेंबरवरून १७ सप्टेंबरवर नेली. तुमच्या बोलीत याचा अर्थ एवढाच, की सोयाबीन काढायची वेळ आणि परतीचा पाऊस आता एकमेकांवर आदळतात. मृगावर भरवसा ठेवता येत नाही, उघडीप कधी पंधरा दिवसांची तर कधी महिन्याची, आणि दुबार पेरणीचं बियाणं उधारीवर. हे सगळं तुम्ही वेधशाळेच्या आधी बोलत होतात.

बोलून थांबला नाहीत. पेरणी मागेपुढे केलीत, लवकर येणारी वाणं शोधलीत, शेततळी खोदलीत, तुषार संच घेतले, सोयाबीनची टोकण केलीत. रुंद सरी-वरंब्याची पद्धत, जिला सगळे बीबीएफ म्हणतात, तिचंच बघा. पेरणी उंच गादीवर होते, दोन्ही बाजूंना सरी पडते. पावसानं ओढ दिली तर सरीत मुरलेली ओल कामाला येते, पाऊस कोसळला तर जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं आणि मुळं कुजत नाहीत. बियाणंही कमी लागतं. ज्यानं ती एकदा केली, त्याला तिचा गुण कळलेला असतो. तरी गावातली बहुसंख्य पेरणी सपाट रानावरच होते. का? वापसा येतो तो चार-पाच दिवसांचा, त्या चार-पाच दिवसांत अख्ख्या गावाला एकदम यंत्र हवं असतं, आणि गावात यंत्रं असतात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ज्याचा नंबर आठव्या दिवशी लागणार, तो ओल उडून जायच्या आत साध्या पेरणी यंत्रानं मोकळा होतो. कागदावर त्याची नोंद 'तंत्रज्ञान न स्वीकारणारा' अशी होते. खरं तर तो ओल वाचवत असतो.

आता तुरीची गोष्ट. २०१६ हे आंतरराष्ट्रीय कडधान्य वर्ष होतं. त्याआधी डाळ दोनशे रुपये किलोवर गेली होती आणि सगळीकडून एकच सांगणं होतं : कडधान्य पेरा, जमिनीला नत्र मिळेल, पाणी वाचेल, देशाला डाळ मिळेल. सल्ला चांगलाच होता. तुम्ही तो ऐकलात. पाऊसही बरा झाला आणि देशाचं तुरीचं उत्पादन आधीच्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट झालं. मग काय झालं? बोनस धरून ५,०५० रुपये क्विंटलचा हमीभाव जाहीर होता, बाजारात भाव त्याच्या बराच खाली घसरला, बाहेरून डाळ येतच राहिली, आणि तुम्ही खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टरच्या रांगेत रात्री काढल्यात. बारदाना नाही म्हणून खरेदी बंद, नोंदणी संपली म्हणून खरेदी बंद. पुढच्या वर्षी तुमच्यातल्या अनेकांनी तूर कमी केली, तेव्हा तीच मंडळी म्हणाली, शेतकरी पीकपद्धती बदलत नाही.

सोयाबीनचंही निराळं नाही. २०२१च्या ऑगस्टमध्ये भाव दहा हजारांवर गेला आणि त्याच महिन्यात बारा लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरात वायदेबाजार बंद झाला. २०२४ साली हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि आडतीवर चार हजार, बेचाळीसशे मिळत होते. सरकारी केंद्रावर न्यावं तर १२ टक्के ओलाव्याची अट आडवी यायची. ती पुढे १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, तोवर ज्याला देणी भागवायची होती त्यानं माल विकून टाकलेला होता. भाव चढला की तो खाली आणायला सरकारची यंत्रणा आठवड्यात हलते, पडला की वर आणायला हंगाम निघून जातो. हा अनुभव घेतलेल्या माणसाला नवं पीक घ्यायला सांगताना, सांगणाऱ्यानं आधी आपली बाजू तपासायला हवी.

याच्या शेजारी ऊस ठेवून बघा. उसाला पाणी जास्त लागतं हे तुम्हाला ठाऊक नाही, असं धरून तुम्हाला उपदेश केला जातो. पण उसाचा दर कायद्यानं बांधलेला आहे. खरेदीदार ठरलेला आहे, तोडणी-वाहतूक कारखाना करतो, पीककर्ज एकरी जास्त मिळतं, आणि महिनाभराच्या उघडिपीत किंवा गारपिटीत तो सोयाबीनसारखा हातचा जात नाही. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगानं १९९९ साली पाण्याची तूट असलेल्या भागात उसावर बंधन असावं, अशी शिफारस केली होती. त्यानंतर मराठवाड्यात कारखाने वाढतच गेले. ज्यांनी कारखाने काढले, त्यांनीच ऊस लावू नका म्हणून सांगायचं, हे कुणाला पटावं?

उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. मराठवाड्यात तुतीची लागवड आणि रेशीम कोष पूर्वीपासून थोडेफार होते, पण कोष विकायला कर्नाटकात रामनगरला जावं लागायचं. २०१८ साली जालन्याला कोषांची बाजारपेठ सुरू झाली आणि तिच्या आधारानं तुतीखालचं क्षेत्र पसरलं. उसाच्या तुलनेत फार थोड्या पाण्यावर, महिन्या-दीड महिन्यानं पैसा देणारं हे काम तुम्ही उचललंत. त्यासाठी कुणाला तुमची मनं वळवावी लागली नाहीत. गाडीभाडं परवडेल इतक्या अंतरावर बाजार आणावा लागला.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. बदलाला तुमची ना कधीच नव्हती. ज्या बदलाची जोखीम कुणीतरी तुमच्यासोबत उचलली तो गावोगाव पसरला, आणि ज्याची जोखीम एकट्या तुमच्या सातबाऱ्यावर टाकली तो प्रात्यक्षिकाच्या फलकापाशी थांबला. चार एकरांच्या कोरडवाहू कुटुंबाला एक हंगाम चुकला तर मुलीचं शिक्षण थांबतं, सोसायटीचं कर्ज थकतं, पुढच्या पेरणीला सावकाराचं दार दिसतं. अशा माणसानं नव्याकडे संशयानं पाहिलं, तर तो त्याच्या जबाबदारीचा भाग आहे. त्यात विम्याचा आधारही डळमळीत. २०२३ साली एक रुपयात विमा आला, २०२५च्या खरिपात ती सोय गेली. भरपाई ठरते महसूल मंडळाच्या सरासरीवर आणि अधिसूचित पिकांपुरती. यादीत नसलेलं पीक घेऊन वेगळी वाट धरणारा तिथेही उघडाच राहतो.

जोखीम एकट्यावर पडली की काय होतं, हे कापसानं सगळ्यांत कडू शिकवलं. बीटीच्या पाकिटासोबत साध्या कापसाचं छोटं पाकीट यायचं. ते कडेनं लावायचं होतं, म्हणजे बोंडअळीत बीटीला दाद न देणारी जात लवकर तयार होणार नाही. ज्या ओळींवर अळी पडणार, त्या ओळी मी माझ्या रानात का लावू, हा प्रश्न प्रत्येकाला पडला, आणि समजावून सांगायला कुणी आलं नाही. शिवाय पाणी असलं आणि भाव बरा असला की फरदड घेतली गेली. पऱ्हाटी मार्च-एप्रिलपर्यंत उभी राहिली, गुलाबी बोंडअळीला वर्षभर घर मिळालं. २०१७ साली ती राज्यभर फुटली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. डोक्याएवढा वाढलेला कापूस, दमट हवा, दोन-तीन औषधांचं मिश्रण, अंगावर साधा सदरा. औषध विकणाऱ्यानं सांगितलं ते मारलं, कारण गावात दुसरा सल्ला देणारा कुणी नव्हता.

या सगळ्यात एक धडा तुमच्यासाठीही आहे. गुलाबी बोंडअळी बांध ओळखत नाही. मी फरदड मोडली आणि शेजाऱ्यानं ठेवली, तर माझी मेहनत वाया. सगळ्या गावानं डिसेंबरअखेर पऱ्हाटी काढली, कामगंध सापळे एकत्र लावले, पतंग मोजून फवारणी ठरवली, तर खर्चही कमी होतो आणि फवारणाराही वाचतो. काही बदल एकट्याच्या आवाक्यातले नसतात. ते गावानंच करावे लागतात. पाणी आणि माती ही त्यातली दोन सगळ्यांत मोठी.

आता वादाचा मुद्दा. बोअर.

शेजाऱ्यानं तीनशे फूट घेतला म्हणून मी पाचशे, त्याला पाणी लागलं म्हणून मी आठशे. ही शर्यत तुम्ही सरकारच्या सांगण्यावरून सुरू केलेली नाही, आणि ती थांबवणंही सरकारच्या हाती राहिलेलं नाही. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यानं शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा खोल विंधण विहिरीला मनाई केली आहे. तो कायदा कुठे पाळला जातो, ते तुम्हीही जाणता आणि मीही. पण कायदा बाजूला ठेवा, खडकाकडे बघा. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. पाणी साठतं ते वरच्या मुरमात आणि फुटलेल्या थरात. खोलवरच्या भेगांत थोडंसं असतं आणि ते पुन्हा भरायला वर्षानुवर्षं लागतात. आठशे फुटांवरून उपसलेलं पाणी म्हणजे नातवंडांची ठेव मोडणं आहे. आणि एकाचा बोअर चालू झाला की उतारावरच्या तीन विहिरी आटतात, त्या बहुधा लहान शेतकऱ्याच्या असतात.

साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे, सौर पंप वाढत आहेत. रात्रीच्या विजेनं सापा-विंचवाच्या भीतीत पाणी देणाऱ्याला दिवसाची वीज हवीच होती, ती मिळाली याचा मला आनंद आहे. पण उपशाला लगाम घालणारी शेवटची गोष्ट वीजबिल आणि भारनियमन होती. तीही गेली. आता लगाम गावानंच घालावा लागेल. शेततळ्याचंही तसंच. पावसाचं पाणी अडवून भरलेलं शेततळं हे वरदान आहे. विहिरीतून, बोअरमधून उपसून प्लास्टिकच्या तळ्यात भरलेलं पाणी म्हणजे जमिनीखालचं, सगळ्यांच्या वाट्याचं पाणी वर आणून उन्हात ठेवणं आहे.

गाव लगाम घालू शकतं, याचे दाखले याच मातीत आहेत. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावपासून पाणी पंचायत उभी केली. तिथला नियम असा, की पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर. भूमिहीनालाही वाटा. आणि त्या पाण्यावर ऊस नाही. हिवरे बाजारनं पोपटराव पवार यांच्या पुढाकारानं शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळी बंद केली, आणि पाऊस संपला की गावात पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत पाडली. पाऊस किती पडला, मुरला किती, माणसांना आणि जनावरांना किती लागेल, उरलेल्यात रब्बीला काय पेरायचं. पाऊस कमी झाला त्या वर्षी पिकांची निवड बदलली आणि सगळ्यांनी ती पाळली. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीनं आधी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामं केली, मग शेततळी आणि द्राक्षं आली. क्रम तसा होता, म्हणून २०१२च्या दुष्काळात ते गाव तगलं. ही गावं काही श्रीमंतांची नव्हती. हिवरे बाजारची माणसं तर त्याआधी पोटासाठी गाव सोडून जात होती.

दुसरा वाद मातीचा. बांध कोरून दोन तास वाढवायचे, ओढ्याचं पात्र बुजवून चार गुंठे रान काढायचं, हे कुणी बाहेरच्यानं केलेलं नाही. २०२५च्या पुरात पाण्यानं आपली जुनी वाट शोधली आणि त्या वाटेवरचं रान सगळ्यांत आधी गेलं. ज्यानं ओढा बुजवला त्याचं गेलंच, पण खालच्या, काहीही न केलेल्या शेतकऱ्याचंही गेलं. ओढे-नाले मोजून मोकळे करणं हे कटू काम आहे, भाऊबंदकीत हात घालावा लागतो. पण पंचनामा करायला तलाठी येतो तो नुकसान झाल्यावर. त्याआधीचं काम गावाचं आहे.

बैल गेले, तसं शेणखत गेलं. रोटाव्हेटरनं माती पिठासारखी झाली, आणि तिला धरून ठेवणारा काडीकचरा आपण पेटवून देतो. उसाचं पाचट जळतं, पऱ्हाटी जळते, बांधावरचं गवत जळतं. मातीतला सेंद्रिय कर्ब घटला की ती पाणी धरत नाही. पाऊस आला की वाहते, उघडीप पडली की तडकते. नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी नांगरट न करता, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच ठेवून गादीवाफ्यावर पेरणी करायची पद्धत रुजवली. त्यात तणनाशक लागतं, त्यावर मतभेद आहेत, ते असू द्या. बोंडअळीसाठी काढावी लागणारी पऱ्हाटी सोडली, तर काडी न जाळणं आणि मुळं न उपटणं यावर मात्र फारसा मतभेद नाही, आणि त्याला पैसाही लागत नाही.

जे जमीन बटईनं किंवा ठोक्यानं करतात, त्यांना मातीची काळजी घ्या म्हणायला मला संकोच वाटतो. पुढच्या गुढीपाडव्याला ते रान आपल्याकडे असेल की नाही हे ज्याला माहीत नाही, तो त्यात शेणखताच्या गाड्या का टाकील? शहरात राहणाऱ्या जमीनमालकांना म्हणून सांगते, कूळ लागेल या भीतीनं वर्षाच्या तोंडी बोलीवर जमीन देऊ नका. तीन-पाच वर्षांचा लेखी करार करा. तुमची जमीनही सुधारेल.

आणि भगिनींनो, तुमच्याशी वेगळं बोलायचं आहे. पेरणी कशाची करायची हे ठरतं तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात असता, आणि खुरपणी, वेचणी, काढणी येते तेव्हा रानात तुम्हीच असता. लातूर-धाराशिव भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेसोबत काम करणाऱ्या बायकांनी घरच्यांकडे एकच मागणी केली : एक एकर आमच्या विचारानं करू द्या. त्या एकरात त्यांनी भाजीपाला, कडधान्यं, ज्वारी अशी घरात खाल्ली जाणारी पिकं, कमी पाण्यावर, घरचं खत घालून घेतली. दुष्काळात बाजाराचं पीक बुडालं तेव्हा चूल त्या एकरानं पेटती ठेवली. त्या कामाला २०१७ साली संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला त्यात पुरस्कारापेक्षा मोठी वाटते ती रीत. सगळं रान एकदम पणाला लावायचं नाही. एक एकर आधी, पटलं तर पुढे. सावधपणे बदलायचं कसं, हे विद्यापीठांच्या आधी या बायकांनी दाखवून दिलं.

मग करायचं काय? सरकारकडे मागताना मागणी बदला. कर्जमाफी मागा, ती कित्येकांना हवीच आहे. पण तिच्यासोबत तितक्याच जोरानं हेही मागा, की ज्या पिकाचा आग्रह धराल त्याची खरेदी पेरणीच्या आधी जाहीर करा आणि खरेदी केंद्र काढणीच्या पहिल्या दिवशी उघडा. दर गावाला वापशाच्या चार दिवसांत पुरतील इतकी बीबीएफ यंत्रं द्या. उसाला आहे तशी कायद्याची हमी तुरीला, ज्वारीला, करडईला द्या. सल्ला देणारा माणूस गावात ठेवा आणि त्याचा पगार औषधाच्या विक्रीवर अवलंबून नसू द्या. मोर्चाच्या निवेदनात या ओळी पहिल्या पानावर असल्या पाहिजेत.

आणि स्वतःकडे मागताना एक गोष्ट मागा. २ ऑक्टोबरला ग्रामसभा होते. तेव्हा खरीप निघत असतो आणि रब्बी ठरायची असते. त्या सभेत घरकुलाच्या यादीआधी पाण्याचा ताळेबंद मांडा. गावात पाऊस किती झाला, विहिरींची पातळी किती आहे, ते फळ्यावर लिहा. यंदा नवा बोअर नाही, असा ठराव घ्या. फरदड कधी मोडायची ती तारीख ठरवा, बुजलेल्या ओढ्यांची यादी करा, आणि हे ठरवताना बायकांना मागच्या रांगेत नाही, पुढे बसवा. पहिल्या वर्षी भांडणं होतील, चार जण उठून जातील. दुसऱ्या वर्षी पुन्हा मांडा. सरकारला जाब विचारायचा अधिकार तुम्हाला आजही आहेच. पण ज्या गावानं आपल्या पाण्याचा हिशेब स्वतः मांडला, त्या गावाचा जाब कुणालाही टाळता येणार नाही.

येत्या २ ऑक्टोबरला सुरुवात करा.

आपली नम्र,
एक मराठवाडेकर